सिमेंटची जहाजं खरंच समुद्रात चालायची का, आणि युद्धानंतर त्यांचं काय झालं?

चोपडेकर
नमस्कार मंडळी. आमचं फेरोसिमेंटचं काम आहे, पाण्याच्या टाक्या, संडासाचे दरवाजे, गोठ्यातल्या गव्हाणी असलं सगळं, चोपडा यावल भागात. मध्यंतरी वाचनात आलं की ही जाळीवर सिमेंट थापायची पद्धत पहिल्यांदा बोटीसाठीच वापरली गेली होती आणि पुढे दोन्ही महायुद्धांत तर आख्खी मालवाहू जहाजं काँक्रीटची बांधली. मी हे आमच्या मिस्त्रींना सांगितलं तर ते ऐकायलाच तयार नाहीत, म्हणतात शेठ, टाकीत पाणी राहतं ते ठीक पण टाकी पाण्यावर कशी राहील. मला तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्यात. एवढं जड असून तरंगायचं कसं, लोखंड सोडून हे करायची वेळ का आली, आणि ती जहाजं आता आहेत कुठे? फोटोत एक मोडकं जहाज किनाऱ्याला लागलेलं दिसलं आणि त्यावर पक्षी बसलेले, ते काय आहे ते पण कळेना. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

धुळे_सिव्हिल
चोपडेकर भाऊ, तुमच्या मिस्त्रींना एक पितळी पातेलं घेऊन हौदात सोडायला सांगा. पितळ पाण्याच्या आठपट जड पण पातेलं तरंगतं, कारण आतली पोकळी धरून त्याने जेवढं पाणी बाजूला सारलं त्याच्यापेक्षा त्याचं एकूण वजन कमी असतं. काँक्रीट तर पाण्याच्या अडीचपटच्या आत आहे, म्हणजे तरंगायला काहीच अडचण नाही, खरा प्रश्न वेगळाच आहे.

तो असा की मालवाहू जहाजाचा पोलादी पत्रा साधारण १२ मिमीचा धरला तर एका चौरस मीटरला ९५ किलोच्या आसपास बसतो. काँक्रीटमध्ये तेवढ्या जाडीने भागत नाही, तिथे भिंत चार ते पाच इंच लागते, चार इंच धरली तरी चौरस मीटरला २४० किलो झाले आणि सळई वेगळी. म्हणजे जहाज स्वतःचंच वजन जास्त वाहतं आणि माल कमी नेतं, आणि तेच इंजिन तेवढाच कोळसा जाळून कमी भाडं कमावतं. हा दोष शेवटपर्यंत गेला नाही.

यावर उपाय काय काढला ते मला फार आवडतं. अमेरिकेत कॅन्सस सिटीला स्टीफन हेड नावाचा वीटवाला होता, त्याने बघितलं की भट्टीत काही विटा जास्त भाजून फुगतात आणि हलक्या होतात, लोक त्या फेकून देतात. आपल्याकडे तापीकाठच्या भट्ट्यांवर पण अशा विटा निघतात, सगळ्यांनी बघितल्या असतील. त्याने मुद्दाम शेल नावाचा मातीचा दगड भट्टीत फुगवून त्याची खडी केली आणि १९१८ मध्ये पेटंट घेतलं. ही खडी वापरली की घनमीटरला २४०० किलोच्या जागी दोन हजाराच्या आत काँक्रीट बसतं आणि ताकद चांगली राहते. आज उंच इमारतींच्या स्लॅबला जे लाइटवेट काँक्रीट वापरतात त्याचं मोठं काम पहिल्यांदा या जहाजांवरच झालं.

आणि हो, जाळीवर सिमेंट थापलेली पहिली बोट फ्रान्सच्या जोसेफ लुई लँबोची, १८४८ ची. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने ती मांडली होती. म्हणजे तुमचा धंदा खरंच बोटीतून आलाय.

अमळनेरचे_सर
वेळ का आली ते मी सांगतो. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या १९१७ मध्ये मित्रराष्ट्रांची जहाजं एवढ्या झपाट्याने बुडवत होत्या की नवीन बांधून पुरवठा होईना, आणि पोलाद तर तोफा, रणगाडे, रेल्वे सगळ्यांनाच हवं होतं. नॉर्वे युद्धात नव्हता पण त्यालाही पोलाद मिळेना, तिथे निकोलाय फोग्नर याने ऑगस्ट १९१७ मध्ये नामसेनफ्योर्ड नावाचं ८४ फुटांचं जहाज पाण्यात सोडलं, स्वतःच्या इंजिनावर समुद्रात चालणारं हे पहिलं काँक्रीटचं जहाज. ते बघून अमेरिकेत एका खाजगी कंपनीने कॅलिफोर्नियात रेडवुड सिटीला फेथ बांधलं, १४ मार्च १९१८ ला पाण्यात, ३२० फूट लांब, खर्च साडेसात लाख डॉलर. मग राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी २४ काँक्रीट जहाजांना मंजुरी दिली.

पुढचं दुर्दैव असं की नोव्हेंबर १९१८ ला युद्ध संपलं तेव्हा त्यातलं एकही तयार नव्हतं. २४ पैकी १२ च पूर्ण झाली आणि खर्च पाच कोटी डॉलरवर गेला. सेल्मा नावाचं तेलवाहू जहाज तर अलाबामात २८ जून १९१९ ला पाण्यात सोडलं, त्याच दिवशी तिकडे जर्मनीबरोबरचं युद्ध कागदोपत्री संपवणाऱ्या व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या. मी वर्गात पहिलं महायुद्ध शिकवताना हे उदाहरण देतो, मुलांना तारखा अशा जोडून सांगितल्या की डोक्यात राहतात.

दर्यावर्दी_शिरपूर
मी मर्चंट नेव्हीत इंजिनला होतो, आता रिटायर होऊन शिरपूरला शेती बघतो. सरांनी पैशाचं सांगितलं पण दर्यावर चालवणाऱ्याच्या बाजूने पण बघितलं पाहिजे. या जहाजांवर काम केलेल्यांचं म्हणणं असं असायचं की हलत कमी, थरथर कमी, आणि आत घाम, म्हणजे भिंतींवर जमणारी ओल, कमी धरतो त्यामुळे धान्य कोरडं राहतं. हे सगळे गुण खरे आहेत. पण जहाज म्हटलं की कधी ना कधी धक्का बसणारच, जेट्टीला घासणार, ओढून नेणारी टगबोट ढुशी देणार, उथळ पाण्यात बूड टेकणार. पोलादी पत्रा अशा वेळी आत दबतो, पोचा पडतो पण जहाज घरी येतं. काँक्रीट दबत नाही, ते फुटतं.

केप फिअर नावाचं जहाज १९२० मध्ये ऱ्होड आयलंडजवळ दुसऱ्या जहाजाला धडकलं आणि तीन मिनिटांत तळाला गेलं, १९ माणसं गेली. तीन मिनिटांत इंजिनरूममधून वर डेकवर पण येता येत नाही हो, मी त्या जिन्यांवर आयुष्य काढलंय म्हणून सांगतो. सरांनी सांगितलेलं सेल्मा पण १९२० मध्येच मेक्सिकोत टँपिकोला जेट्टीवर आदळलं आणि साठ फुटांचं भगदाड पडलं. टेक्ससमध्ये गॅल्व्हस्टनला आणलं तर गोदीवाल्यांना काँक्रीटची दुरुस्ती कशी करायची तेच माहीत नाही, गिऱ्हाईक पण मिळेना, शेवटी पेलिकन बेटाजवळ मुद्दाम चर खणून १९२२ मध्ये त्यात बसवून दिलं. अजून तिथेच आहे, किनाऱ्यावरून दिसतं.

म्हणून माझ्या मते जहाज म्हणून ती कल्पना चुकीचीच होती. माणसं त्यात पाठवायला नको होती.

भुसावळ_जंक्शन
काय भो, मस्त चर्चा चाललीय. माझा एक प्रश्न, एवढी नुकसानीत गेली तर तोडून भंगारात का नाही काढली? आमच्याकडे रेल्वेचं जुनं लोखंड लिलावात निघतं तर बोलीसाठी लोकं लांबून येतात. जहाज तर केवढं मोठं.

दर्यावर्दी_शिरपूर
भुसावळ भाऊ, सगळी गोम तिथेच आहे. पोलादी जहाज म्हातारं झालं की गुजरातला अलंगच्या जहाजतोडणीत जातं आणि पत्रा, पितळ, तांबं सगळं विकलं जातं, म्हणून जुनी पोलादी जहाजं बघायलाच मिळत नाहीत. काँक्रीटचं जहाज तोडायचं तर ब्रेकर लावून मजुरी घाला, आणि शेवटी हातात येणार राडारोडा आणि गंजकी सळई. मशिनरी काढून घेतली की उरलेल्या सांगाड्याला कोणी विकत घ्यायला तयार नाही. मग मालक म्हणतो कुठे तरी बसवून टाकू, काही उपयोग झाला तर झाला. म्हणजे भंगारात किंमत नाही म्हणूनच ती टिकली, आणि टिकली म्हणूनच त्यांचे इतके वेगवेगळे उपयोग झाले. मला वाटतं या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, बांधली ज्या कामासाठी त्यात ती कमी पडली पण एका जागी बसवल्यावर जे काम केलं ते शंभर वर्षं झाली तरी चालू आहे.

आता चोपडेकरांचा तिसरा प्रश्न घेतो, जरा मोठं होईल.

तुम्ही बघितलेला पक्ष्यांचा फोटो बहुतेक पालो आल्टोचा असेल, कॅलिफोर्नियात सीक्लिफ बीच म्हणून जागा आहे. १९१९ चं तेलवाहू जहाज, युद्ध संपल्यावर दहा वर्षं नुसतं उभं. १९३० मध्ये एका करमणूक कंपनीने ते ओढत नेऊन किनाऱ्याला बसवलं, तिथपर्यंत लाकडी धक्का बांधला आणि वर नाचायचा हॉल, हॉटेल, गरम पाण्याचा स्विमिंग पूल असं सगळं केलं. पण ती महामंदीची वर्षं, कंपनी दोनच सीझनमध्ये बुडाली. मग लोक त्यावर बसून मासे धरायला लागले, मग तेही धोक्याचं झालं म्हणून बंद केलं, आणि पक्षी, सील आणि माशांनी ते ताब्यात घेतलं. २०१७ च्या जानेवारीतल्या वादळात ते अजून फाटलं.

त्याचीच जुळी बहीण पेराल्टा. ती कॅनडात पॉवेल रिव्हरला गेली, तिथल्या कागदाच्या मिलला लाकडाचे ओंडके पाण्यात साठवायला लागायचे आणि उघड्या समुद्राच्या लाटांनी ते विखुरायचे. तिथे पाणी एवढं खोल की दगडाचा बांध परवडेना, म्हणून मिलने जुनी जहाजं विकत घेऊन साखळीने नांगरून त्यांचाच तरंगता बांध केला, त्यात दुसऱ्या महायुद्धातली बरीच काँक्रीटची जहाजं आहेत. मिलचं काम आता थांबलंय, पण पेराल्टा ही आजही पाण्यावर असलेली जगातली सगळ्यात जुनी मोठी काँक्रीट बोट समजली जाते. शंभर वर्षांच्या वर! मी ज्या जहाजांवर काम केलं त्यातलं एकही आज शिल्लक नाहीये.

क्युबाजवळ सान पास्कुआल नावाचं जहाज उथळ पाण्यात अडकलं ते तिथेच राहिलं, क्युबाच्या क्रांतीत त्याचा तुरुंग झाला आणि नंतर त्याच्यातच दहा खोल्यांचं हॉटेल केलं. बहामात बिमिनीजवळ सापोना, अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात त्यात चोरटी दारू साठवायचे, १९२६ च्या चक्रीवादळाने ते मोडलं, दुसऱ्या महायुद्धात विमानांनी त्यावर नेमबाजीचा सराव केला, आता तिथे लोक पाण्याखाली मासे बघायला जातात. आणि पहिलं मोठं जहाज फेथ, तेही १९२१ नंतर क्युबात लाटा अडवायलाच लावलं.

अमळनेरचे_सर
दर्यावर्दी साहेब, फार छान लिहिलंत, पण दुसऱ्या महायुद्धाचं राहिलं आणि तिथे मला तुमच्याशी थोडं असहमत व्हावं लागेल. १९४२ मध्ये परत पोलादाची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेने फ्लोरिडात टँपाला आणखी २४ काँक्रीट जहाजं बांधून घेतली. यावेळी पंचवीस वर्षांचा अनुभव पाठीशी होता, काम जलद झालं, जहाजं मजबूत निघाली आणि खरोखर युद्धात वापरली गेली. त्यांना नावं दिली ती सिमेंट काँक्रीटचं शास्त्र घडवणाऱ्या माणसांची, पोर्टलँड सिमेंटवाला जोसेफ अ‍ॅस्पडिन, फ्रान्सचा विका, थेट रोमन काळातला व्हिट्रुव्हियस. एका कारागिरीला असा मान देणं मला मनापासून आवडलं.

यातली डेव्हिड सेलर आणि व्हिट्रुव्हियस ही दोन जहाजं १९४४ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर मुद्दाम बुडवली, जेणेकरून लाटा अडून सैन्य आणि सामान उतरवता येईल. तिथेच इंग्रजांनी फिनिक्स नावाच्या काँक्रीटच्या प्रचंड पोकळ पेट्या समुद्रातून ओढत नेऊन तळाला बसवल्या आणि बंदर उभं केलं, मोठ्यातली मोठी पेटी सहा हजार टनांची. म्हणजे काँक्रीट तरंगवत नेऊन जागेवर बसवायचं ही कल्पना युद्धातच ठरवून वापरली गेली, ती काही अपयशानंतरची सोय नव्हती.

आणि त्याचा पुढचा भाग ऐका. १ फेब्रुवारी १९५३ ला हॉलंडमध्ये समुद्राचे बांध फुटले, १८३६ माणसं गेली. भगदाडं बुजवायचं काम महिनोन्‌महिने चाललं, भरती ओहोटीच्या प्रवाहात टाकलेलं सगळं वाहून जायचं. शेवटचं मोठं भगदाड आउवरकर्क गावाजवळचं, ते नोव्हेंबर १९५३ मध्ये चार फिनिक्स पेट्या आणून बसवल्या तेव्हा बंद झालं. आज त्याच चार पेट्यांच्या पोटात त्या महापुराचं संग्रहालय आहे. युद्धासाठी बनवलेल्या वस्तूने गावं वाचवली, याहून चांगला पुनर्वापर मला तरी माहीत नाही.

दर्यावर्दी_शिरपूर
सर, मान्य. ठरवून बुडवायला किंवा नांगरून ठेवायला काँक्रीट उत्तमच, माझा विरोध फक्त माणसं घालून समुद्र ओलांडायला आहे. दुसऱ्या युद्धात अमेरिकन नौदलाने काँक्रीटचे बार्ज, म्हणजे इंजिन नसलेल्या मालवाहू होड्या, खूप वापरले, टगने ओढायचे आणि तेल, धान्य साठवायचं. एक तर पॅसिफिकमध्ये नुसतं आइस्क्रीम बनवायला फिरत होतं. आणि टँपाच्या जहाजांपैकी नऊ व्हर्जिनियात किप्टोपेकला १९४८ मध्ये फेरी बोटीच्या धक्क्यापुढे ओळीने बसवली. १९६४ ला तिथे पूल झाला, फेरी बंद पडली, जहाजं आहेत तिथेच आहेत, आता ते उद्यान आहे आणि लोक जहाजांच्या आडोशाला होड्या घेऊन गळ टाकून बसतात. जपानमध्ये पण कुरेजवळ यासुउरा बंदरात ताकेची मारू नावाची दोन काँक्रीट जहाजं लाटा अडवत उभी आहेत, १९४४ च्या सुमाराची.

तळोद्याची_रेखा
सगळं वाचलं, खूप आवडलं. मी धडगावकडच्या शाळेत होते. तिथे नर्मदेच्या बॅकवॉटरच्या काठच्या गावांना रस्ताच नाही, बोटीनेच जावं लागतं, दवाखाना पण बोटीवर आहे. पाणी पावसाळ्यात चढतं उन्हाळ्यात कितीतरी उतरतं त्यामुळे पक्की जेट्टी बांधली तरी अर्धं वर्ष ती एकतर बुडालेली नाहीतर कोरड्यात. बाळंतीण बाईला चिखलातून उचलून बोटीत चढवताना मी बघितलंय. अशा ठिकाणी या काँक्रीटचा काही उपयोग होईल का? बोट म्हणून नाही तर चढायला उतरायला काही तरंगतं?

धुळे_सिव्हिल
रेखाताई, हा प्रश्न एकदम नेमका आहे आणि उत्तर हो असं आहे. तरंगती जेट्टी हे काँक्रीटच्या अगदी स्वभावाचं काम आहे. जड असल्यामुळे माणूस चढला की डुगडुगत नाही, रंग लावायला लागत नाही, आणि पाणी चढलं उतरलं की खांबांना किंवा साखळीला धरून तीही वर खाली होते. आतमध्ये थर्माकोलचा ठोकळा भरला की कुठे चीर गेली तरी बुडत नाही, आणि धक्का बसणाऱ्या कडेला टायर बांधले की दर्यावर्दींची तक्रार पण मिटते. असे काँक्रीटचे पाँटून, म्हणजे तरंगत्या पेट्या, जगभर वापरतात. अमेरिकेत सिएटलला तर १९४० पासून आख्खा हमरस्ता काँक्रीटच्या तरंगत्या पेट्यांवरून जातो. नॉर्वेचा ट्रोल ए हा गॅसचा प्लॅटफॉर्म ४७२ मीटर उंच, काँक्रीटच्या पायांवर उभाच्या उभा समुद्रातून ओढत नेऊन १९९५ ला बसवला. ही सगळी त्या जहाजांचीच पुढची पिढी. अडचण फक्त एवढी की धडगावच्या घाटातून असे जड ठोकळे न्यायचे कसे, म्हणून ते काठावरच ओतावे लागतील, आणि ते काम चोपडेकरांसारखी मंडळी नक्की करू शकतील.

टिकण्याबद्दल पण सांगून ठेवतो. खाऱ्या पाण्यात काँक्रीट मरतं ते आतली सळई गंजून फुगल्यामुळे. कायम पाण्याखाली असलेल्या भागाला ऑक्सिजन कमी मिळतो म्हणून तो टिकतो, सगळ्यात जास्त खराब होतो तो लाटा उडतात तो पट्टा, कधी ओला कधी कोरडा. या जुन्या जहाजांचे फोटो बघा, वरच्या कडेला सळया उघड्या पडलेल्या दिसतील. नर्मदेचं पाणी गोडं आहे त्यामुळे आपल्याला ती भीती फारच कमी.

जळगाव_इंजिनिअरिंग_टीवाय
सर मी सिव्हिलला आहे, अमेरिकेत आपल्याच ब्रँचच्या पोरांच्या काँक्रीटच्या होड्यांच्या स्पर्धा होतात असं युट्यूबवर बघितलं होतं. आम्हाला प्रोजेक्टला तीच करायची इच्छा आहे, दोन माणसांची छोटी होडी आणि टेस्टिंग मामांच्या शेततळ्यात. मिक्स काय घ्यायचं? दीपनगरच्या वीज केंद्रातल्या राखेचा काही उपयोग?

धुळे_सिव्हिल
जरूर करा. राख सिमेंटमध्ये वीस टक्क्यांपर्यंत घाला, माल मऊ लागतो आणि पाणी झिरपणं कमी होतं. हलकी खडी राखेपासून पण भाजून बनवतात पण ती मिळाली नाही तर अडून बसू नका, वस्त्रगाळ नाही पण बारीक चाळलेली वाळू घ्या, एकास दोन, आणि पाणी सिमेंटच्या चाळीस टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. जाडी १५ मिमीच्या आत ठेवा नाहीतर उचलताच येणार नाही.

चोपडेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या मिस्त्रींना बसवून सगळं वाचून दाखवलं, ते आता विचारतायत की नऊ जहाजं ओळीने बसवली ती एकमेकांना बांधली का नुसती टेकवली.

जळगावच्या भाऊला माझ्याकडून दोन गोष्टी. कोंबडी जाळीचे चार थर घ्या आणि तार इतकी आवळून बांधा की थर एकमेकांवर हलले नाही पाहिजे, जाळी सैल राहिली की तिथे माल पोकळ बसतो आणि तिथूनच पाणी येतं. माल थापीने एका बाजूने दाबत दुसऱ्या बाजूने निघेपर्यंत घालायचा, आणि आख्खी होडी एकाच दिवसात संपवायची, सांधा ठेवायचा नाही. आणि हे काम एप्रिल मे मध्ये अजिबात काढू नका, आपल्याकडे ४५ डिग्रीत दुपारपर्यंत केसाएवढ्या चिरा येतात. दिवाळीनंतर करा, गोणपाट टाकून चौदा दिवस पाणी मारा. जाळी आणि थाप्या लागल्या तर चोपड्याला येऊन घेऊन जा, आमचे एक मिस्त्री पण एक दिवस पाठवतो. पहिल्यांदा पाण्यात सोडाल तेव्हा होडीत माणूस नाही, वाळूच्या गोण्या ठेवायच्या, आणि नंतर बसाल तेव्हा लाइफ जॅकेट घालूनच, शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद फार घसरतो, काठाला दोर बांधून ठेवा.